संशयाची वही आणि हक्काची वही

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी आम्हाला 'संशय, अटक आणि आपले हक्क' हा विषय दिला आहे. विषय कायद्याचा आहे, पण तो वकिलांपुरता नाही. आपल्या बीड जिल्ह्यात ज्याच्या घरी कोणी शिकायला परगावी गेलेले आहे, कोणी ऊसतोडीला गेलेले आहे, किंवा ज्याची वस्ती गावकुसाबाहेर आहे, त्या प्रत्येकाचा हा विषय आहे.

गावात चोरी झाली की पोलिसांची जीप प्रथम कोठे थांबते? आष्टी, केज, गेवराई या तालुक्यांतील पारध्यांच्या पालांवर राहणाऱ्या कोणालाही विचारा, उत्तर मिळेल. दसरा उलटला की आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तेथे कारखान्याच्या गावी मोटार किंवा शेळी चोरीला गेली की नजर प्रथम कोपीकडे वळते. आपला विद्यार्थी शहरात खोली शोधायला जातो, तेव्हा नावानंतर आडनाव आणि आडनावानंतर जात विचारली जाते. पुराव्याकडून माणसाकडे जाण्याऐवजी माणसाच्या जन्माकडून गुन्ह्याकडे जायचे, अशी ही उलटी वाट आहे. अमेरिकेत कातडीचा रंग पाहून पोलीस अडवतात. आपल्याकडे रंगाची गरज पडत नाही, आडनाव आणि वस्ती पुरेशी होते.

ही वही कोठून आली?

हा संशय केवळ माणसांच्या मनात नाही, तो सरकारी कागदावर लिहिला गेलेला आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे १९११ आणि १९२४ साली तो अधिक कडक झाला. या कायद्याने कोणताही गुन्हा सिद्ध न होता संपूर्ण जमाती गुन्हेगार ठरवल्या. मूल जन्मले की ते गुन्हेगार जमातीचे. मोठ्या माणसांची नावे रजिस्टरात चढवायची, बोटांचे ठसे घ्यायचे, ठरलेल्या वेळी हजेरी घ्यायची आणि परवान्याशिवाय गाव सोडू द्यायचे नाही, अशी ही व्यवस्था होती. अनेकांना तारेच्या कुंपणाच्या वसाहतीत कोंडले गेले. सोलापुरातील सेटलमेंट हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथेही याच धर्तीचा कायदा होता.

देश स्वतंत्र झाल्यावर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. म्हणून त्या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या जातात आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण एका हाताने वही मिटली आणि दुसऱ्या हाताने नवी उघडली. राज्यांनी सराईत गुन्हेगारांविषयी कायदे केले. मुंबई राज्याने तो १९५९ साली केला. कायद्याच्या शब्दांतून जमात गेली, पण ठाण्यातील जुनी नावे आणि शिपायाच्या डोक्यातील जुनी यादी गेली नाही.

हे आम्हीच म्हणतो असे नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात तुरुंगातील जातिभेदाचे नियम रद्द केले. कारागृहांच्या नियमावल्यांत विमुक्त जमातींकडे जन्मजात गुन्हेगार म्हणून पाहिले जाते, हे न्यायालयाने तेथे स्पष्टपणे नोंदवले आणि या लोकांना मनमानी अटक होऊ नये याची काळजी घेण्यास पोलिसांना बजावले. त्याच वर्षी मे महिन्यात दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने, दुर्बल समाजातील निरपराध माणसांची नावे केवळ पूर्वग्रहामुळे पोलिसांच्या हिस्ट्रीशीटमध्ये चढू नयेत, अशी दक्षता घेण्यास सांगितले.

सोळा वर्षे

या संशयाची किंमत काय असते, हे एका खटल्यावरून कळते. जून २००३ मध्ये पेरूच्या बागेत राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांचे खून झाले, स्त्रियांवर अत्याचार झाले. गुन्हा अत्यंत अमानुष होता आणि गुन्हेगार सापडलेच पाहिजेत यात दुमत नव्हते. त्या हल्ल्यातून एक महिला वाचली. दुसऱ्याच दिवसांत पोलिसांकडील फोटोंच्या संग्रहातून तिने चार माणसे ओळखली आणि तसा जबाब विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदला गेला. तरी त्या चौघांचा माग घेतला गेला नाही. पकडले गेले ते भटक्या जमातीतील सहा गरीब मजूर. त्यांतील एक त्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता.

खालच्या न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. पुढे त्याच न्यायालयाने प्रकरण पुन्हा ऐकले आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले. त्यांना खोटेपणाने गोवले गेले असे म्हटले, प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करण्यास सांगितले. तोवर त्यांच्या आयुष्याची सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. ज्यांच्या घरची माणसे मारली गेली, त्या कुटुंबालाही सोळा वर्षे न्याय मिळाला नाही. चुकीच्या माणसाला पकडणे म्हणजे खऱ्या गुन्हेगाराला मोकळे सोडणे होय, हे यातून ध्यानात घ्यावे.

मित्रहो, या खटल्यातील एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. त्या सहा जणांचा जीव वाचण्यात एका नोंदीचा मोठा वाटा होता. त्या महिलेने चार वेगळी माणसे ओळखल्याचा २००३ चा कागद शिल्लक होता. तो कागद नसता तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

दूरचे उदाहरणही हेच सांगते. न्यूयॉर्क शहरात पोलीस रस्त्यावर माणसे अडवून झडती घेत. २००४ ते २०१२ या काळात अशा सुमारे ४४ लाख वेळा झडत्या किंवा अडवणुका झाल्या आणि त्यांत ८० टक्क्यांहून अधिक माणसे कृष्णवर्णीय किंवा लॅटिन वंशाची होती. २०१३ साली तेथील न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. हे आकडे आले कोठून? प्रत्येक वेळी पोलिसांनीच भरलेल्या फॉर्ममधून. नोंद होती म्हणून अन्याय मोजता आला. ज्याची नोंद नाही, तो अन्याय न्यायालयाच्या दृष्टीने घडलेलाच नसतो.

म्हणून आजच्या व्याख्यानाचे सार आम्ही आधीच सांगून टाकतो. संशयाची वही दीडशे वर्षांपासून भरली जात आहे. तिला उत्तर आरडाओरडीने मिळणार नाही, पळून जाण्याने तर नाहीच. तिला उत्तर दुसऱ्या वहीने द्यावे लागेल. ती आपल्या हक्काची वही आहे.

बाबासाहेबांनी दिलेले चोवीस तास

या वहीचे पहिले पान संविधानात आहे. कलम २२ सांगते की अटक केलेल्या माणसाला अटकेची कारणे सांगितली पाहिजेत, त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. हे कलम कसे आले हे आपल्या मुलांना ठाऊक असावे. घटना समितीत व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून 'योग्य प्रक्रिया' ही कल्पना वगळली गेली होती. ती उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः हे नवे कलम मांडले. तेव्हा ठाण्यात उभा राहून जो माणूस अटकेचे कारण विचारतो, तो उद्धटपणा करत नाही, बाबासाहेबांनी मिळवून दिलेला अधिकार वापरतो.

त्या कलमावर पुढे बरेच काम झाले आहे. १८ डिसेंबर १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेचा मेमो, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला खबर आणि वैद्यकीय तपासणी हे सर्व बंधनकारक केले. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक नको, आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी, असे सांगितले. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्यातही हे हक्क आहेत, फक्त कलमांचे आकडे बदलले आहेत. आणि ६ नोव्हेंबर २०२५ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात निर्णय दिला की, गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी दिली पाहिजेत. लगेच देणे शक्य नसेल तर तोंडी सांगून, रिमांडसाठी हजर करण्यापूर्वी निदान दोन तास आधी ती लेखी दिली पाहिजेत.

प्रत्यक्षात काय करावे?

आता व्यवहाराकडे येऊ. रस्त्यावर पोलिसांनी अडवले तर पळू नये, हात उगारू नये, शिवी देऊ नये. नाव आणि पत्ता खरा सांगावा. मग शांतपणे विचारावे, "साहेब, मला चौकशीसाठी बोलावता आहात की अटक करता आहात?" या एका प्रश्नाने पुष्कळ गोष्टी उघड होतात. चौकशी असेल तर लेखी नोटीस मागावी. स्त्रिया, १५ वर्षांखालील मुले, ६० वर्षांवरील पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी यांना साक्ष-जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. त्यांचा जबाब त्यांच्या घरी घ्यावा लागतो.

अटक असेल तर तीन गोष्टी मागाव्यात: लेखी कारण, घरी खबर आणि वकील. घरच्या माणसांनी अटकेची वेळ आणि तारीख ताबडतोब लिहून ठेवावी, कारण चोवीस तास तेथूनच मोजले जातात. अटक करणाऱ्याच्या छातीवरील नावाची पट्टी वाचावी. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादाच्या प्रसंगी महिला अधिकाऱ्याला लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. अठरा वर्षांखालील मुलाला कोठडीत ठेवताच येत नाही. म्हणून मुलाचा शाळेचा दाखला घरात हाताशी असावा.

पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर सही करावी लागत नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नये. घराची झडती झाली तर दोन पंच असावेत, जप्त वस्तूंची यादी व्हावी आणि तिची प्रत घरच्याला मिळावी. झडतीचे चित्रीकरण करणे आता कायद्याने आवश्यक आहे. दंडाधिकाऱ्यापुढे उभे केल्यावर मारहाण झाली असेल तर तेथेच सांगावे. पुष्कळ जण भीतीने गप्प राहतात आणि दुसऱ्या दिवशी तो पुरावा अंगावरून नाहीसा होतो.

'चॅप्टर केस' हा शब्द वस्तीवस्तीत माहीत आहे. सण, निवडणूक किंवा जयंती आली की ठराविक नावांना नोटिसा निघतात. पण अशा नोटिशीत काय माहिती मिळाली म्हणून ती काढली, याचा सारांश लेखी असावा लागतो आणि तिला वकिलामार्फत उत्तर देता येते. तडीपारीची नोटीसही ऐकून घेतल्याशिवाय अमलात आणता येत नाही. नोटीस आली की घाबरून गाव सोडू नये, तारखेला हजर राहावे.

वकिलाला पैसे कोठून आणायचे, असा प्रश्न येतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुले आणि कोठडीतील प्रत्येक माणूस यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बीडला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या न्यायालयांत समित्या आहेत. १५१०० हा दूरध्वनी क्रमांक विद्यार्थ्यांनी पाठ करावा.

आपली तक्रार ठाण्यात घेतली नाही तर ती लेखी पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी, पोस्टाची पावती जपावी. तेथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. २ डिसेंबर २०२० च्या निकालाप्रमाणे प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही असला पाहिजे. म्हणून मारहाणीची तक्रार असेल तर त्या दिवसाचे चित्रीकरण जपून ठेवावे, असा अर्ज लगेच द्यावा. राज्य मानवी हक्क आयोगाकडे एक वर्षाच्या आत तक्रार करता येते.

अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाविरुद्ध खोटी फिर्याद करणे किंवा खोटी खबर देऊन त्याच्यामागे सरकारी यंत्रणा लावणे, हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. 'तुम्ही बौद्ध आहात, तुम्हाला हा कायदा नाही' असे कोणी म्हणाले तर त्याला सांगावे की १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना ते संरक्षण मिळालेले आहे. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात, त्यांनाही हा कायदा लागू आहे. वडार आणि बहुतेक विमुक्तांना मात्र तो लागू नाही. परंतु कलम २२ ला जात नाही. ते सर्वांचे आहे.

परभणीचा धडा

डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या शेजारच्या परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंद झाला, त्याला हिंसक वळण लागले आणि पोलिसांनी धरपकड केली. त्यात वडार समाजातील, कायद्याचे शिक्षण घेणारा एक आंबेडकरी तरुण होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. त्याचे नाव येथे बसलेल्या सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या आईने हार मानली नाही. अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असे शवविच्छेदनाच्या कागदावर लिहिलेले होते. ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. आपण एवढेच लक्षात घ्यावे की येथेही एक कागद बोलला, आणि तो कागद घेऊन एक आई उभी राहिली.

कोणी म्हणेल, हे सर्व हक्क सांगितल्याने गुन्हेगारांचे फावेल. तसे नाही. दोषी असेल त्याला शिक्षा व्हावीच. पोलीस दलात आपल्याही घरची मुले आहेत, त्यांच्यावर कामाचा ताण आहे, आणि नियमाने वागणारा अधिकारी आपला शत्रू नाही. आपण मागतो ते एवढेच की माणसाला त्याच्या कृत्यावरून पारखावे. तथागतांनी वसलसुत्तात जन्म आणि कर्म यांत जो भेद केला, तोच भेद फौजदारी कायद्याचाही पाया आहे.

आपले बोट कोणाकडे?

हा भेद आपण स्वतःही पाळला पाहिजे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. मारणारे पोलीस नव्हते, तुमच्या-आमच्यासारखे गावकरी होते. संशय वर्दी घालून येतो तसा धोतर-पॅन्ट घालूनही येतो. आपल्या वस्तीत भांडे हरवले तर बोट पालाकडे वळणार नाही, याची हमी आपल्याला देता आली पाहिजे. जो संशय काल आपल्या आज्यावर होता, तो आज आपण पारध्याच्या नातवावर टाकणार असू तर आपण कोणता धम्म घेतला?

म्हणून आम्ही संस्थेपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, विहारात एक नोंदवही ठेवावी. तिच्या पहिल्या पानावर दोन वकिलांचे, विधी सेवा प्राधिकरणाचे आणि पोलीस अधीक्षक कार्यालयाचे क्रमांक असावेत. पुढील पानांवर कोणाला केव्हा, कोठून, कोणी, कोणत्या कारणाने नेले आणि केव्हा सोडले, एवढेच लिहावे. शेरे नकोत, फक्त तारीख आणि वेळ. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांच्या प्रत्येक मुकादमाकडेही अशी एक लहान वही द्यावी. दुसरी, कोणालाही ठाण्यात एकटे जाऊ देऊ नये. दोन जाणती माणसे सोबत जावीत. त्यांनी वाद घालायचा नाही, बसायचे, पाहायचे आणि लिहायचे. तिसरी, ही वही आणि ही दोन माणसे आपल्या समाजापुरती नसावीत. पालावरून रात्री हाक आली तरी विहाराचे दार उघडले पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, या वहीचे लेखनिक तुम्हाला व्हायचे आहे. तुमचे अक्षर चांगले आहे आणि तुम्हाला वाचता येते. ज्यांचे नाव दीडशे वर्षे दुसऱ्यांनी लिहिले, त्यांची हकीकत आता तुम्ही लिहा. येत्या २६ नोव्हेंबरला संविधानाची उद्देशिका वाचून झाली की लगेच कलम २२ वाचा आणि त्याच दिवशी वहीचे पहिले पान भरा.